विठाला वर आणताना

२ डिसेंबर, सोमवार

नवी नोकरी लागली की नवी वही, ही माझी जुनी खोड. आजचा दिवस वही काढण्यासारखाच होता.

अर्धं आयुष्य उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पातल्या नर्सिंग होममध्ये सिस्टर म्हणून गेलं. तिथे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, डॉक्टर, मी आणि एक मावशी. बाहेर नातेवाइकांचा गोंगाट आणि डॉक्टरांच्या आईचं दार ढकलून “छोकरो की छोकरी?” विचारणं. त्यामानाने हे हॉस्पिटल म्हणजे काचेचं कपाट. अंबरनाथ सोडलं की चिखलोलीच्या अंगाला, रस्त्यालगत. शिरगावच्या भाड्याच्या घरातून रिक्षा केली की लगेच येतं.

माझं काम ऐकून माझी लेक तेजल पोट धरून हसली. तिला सातवा संपत आलाय, तेव्हा पोट धरायला भरपूर आहे. मी म्हटलं, बाई गं, मी आता पेशंटचा आवाज आहे.

तर ते असं. तिसऱ्या मजल्यावर एक ओटी आहे, पण खोटी. तिच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, खरी. दोन्ही हुबेहूब सारख्या. टेबल, दिवे, भिंतीवरचं घड्याळ, डाव्या हाताला उघडणारं दार. वरच्या टेबलावर विठा असते. विठा म्हणजे रबराची डमी. पापण्या मिटते, तिची छाती वरखाली होते, नाडी लागते, पंप लावला की रंगीत पाण्याचं रक्त वाहतं. ओटीतली माणसं, म्हणजे सर्जन, भूल देणारे, सिस्टर, वॉर्डबॉय, सगळी मिळून तिच्यावर सराव करतात. हातांचा नव्हे, एकमेकांशी बोलण्याचा. काचेमागच्या खोलीत महेंद्र कॉम्प्युटरवर विठाचं बीपी चढवतो, उतरवतो. मी माइकवर तिच्या तोंडून कण्हते. आम्हाला ते दिसतात, त्यांना आम्ही दिसत नाही.

हे सगळं उभं केलं सुरुची मॅडमनी. त्या भूलतज्ज्ञ. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांचे नियम मला फार आवडले. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, मावशीनेसुद्धा. ज्याला काम सांगितलं त्याने ते परत म्हणून दाखवायचं. आणि कुणालाही काही चुकतंय असं वाटलं तर त्याने “थांबा” म्हणायचं. मग सर्जन असो की कुणी, हात थांबलाच पाहिजे.

एक नियम त्यांचा स्वतःचा. विठा मरत नाही. सराव कितीही फसला तरी शेवटी महेंद्रने कळ दाबून तिची नाडी परत आणायची. मॅडमचं म्हणणं, खोटा का होईना, टेबलावरचा मृत्यू बघितला की पोरींचे हात दुसऱ्या दिवशी कापतात. याला इथे “विठाला वर आणणं” म्हणतात.

महेंद्र अंबरनाथचाच. पहिल्याच भेटीत जयभीम घातला आणि म्हणाला, “ताई, इथं यमाची ड्यूटी माझ्याकडे. पण मॅडमनी यमाला परमनंट लीव्हवर पाठवलाय.”

४ डिसेंबर, बुधवार

आज माझा पहिला सराव. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव.

सर्जन होते डॉ. समीर लालवानी, आमच्या उल्हासनगरचेच. नाव सांगायची पाळी आली तेव्हा हात जोडून म्हणाले, “मी समीर, आणि ही विठा, जिचा बीपी माझ्या बायकोपेक्षा जास्त नाटक करतो.” सगळे हसले.

कसं कण्हावं मला सुचेना. मग घरची तेजल आठवली. पहाटे कुशीवर वळताना ती “आई गं, कंबर धरली” म्हणते, शेवटचा शब्द जरा खेचत. तोच सूर लावला. काचेपलीकडची एक लहान सिस्टर खरंच दचकली. मॅडमनी नंतर पाठ थोपटली. म्हणाल्या, माया, इतका जिवंत पेशंट मला आजवर मिळाला नव्हता.

सराव मात्र फसला. डॉक्टर पोटात बघत बघतच म्हणाले, कुणीतरी रक्त मागवा. कुणीतरी म्हणजे कोण? प्रत्येकीला वाटलं दुसरीने फोन केला. कुणीच परत म्हणून दाखवलं नाही. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. महेंद्रने कळ दाबली, विठा वर आली. मग सगळ्यांनी गोल बसून आपापली चूक सांगितली. ती लहान सिस्टर रडली, पण हलकी होऊन गेली. मला वाटलं, हे किती चांगलं काम आहे. चूक करायची, आणि कुणाचंही काही जात नाही.

७ डिसेंबर, शनिवार

काल दादरला चैत्यभूमीवर जाऊन आले. पाय अजून दुखताहेत. तेजलला यंदा घरीच ठेवलं होतं, शेजारच्या उमावहिनींच्या भरवशावर.

आज कँटीनमध्ये सरस्वती सिस्टर भेटल्या. खालच्या ओटीच्या त्या इनचार्ज. चहा पुढ्यात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. काल मांजर्लीची एक बाई गेली. बाळ वाचलं. रक्त वेळेवर आलं नाही. मी विचारलं, डॉक्टर समीर होते का? नाही, दुसरे. सिस्टर दुसऱ्या. त्यांच्यापैकी एकानेही वरचा सराव केलेला नव्हता. तरी त्या डॉक्टरांनी पोटात बघत बघत म्हटलं, कुणीतरी रक्त मागवा.

मॅडमना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, म्हणूनच तर हे शिकवायचं, माया. चुका सगळीकडे सारख्याच असतात.

खरं आहे. तरी ते बाळ मनातून जात नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आजचा सराव: इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन. भूल चढल्यावर विठाच्या अंगावर चादरीखाली लाल चट्टे उमटवायचे (त्याचे स्टिकर मीच चिकटवले) आणि कोण बघतं, कोण बोलतं ते बघायचं. एका सिस्टरने चादर उचलून बघितलं. काचेतून मला स्पष्ट दिसलं. तिने समीर सरांकडे पाहिलं, सर लोणावळ्याच्या सहलीचा किस्सा सांगत होते, तिने चादर खाली सोडली. “थांबा” एवढाच शब्द होता. तो तिच्या ओठांपर्यंत आला होता.

विठाला वर आणलं.

सगळे गेल्यावर मी चट्टे काढायला आत गेले. महेंद्र वायरी गुंडाळत होता, माझा माइक बंद होता. विठाच्या छातीतल्या स्पीकरमधून आवाज आला: माझ्याकडे कुणी बघेल का?

आवाज माझाच. महेंद्र म्हणाला, रेकॉर्डिंग अडकलं असेल, होतं कधीकधी. असेल. पण आज विठाला भूल दिलेली होती. मी दिवसभर माइकवर एक शब्दही बोलले नव्हते.

१६ डिसेंबर, सोमवार

लिहू नये असं वाटतंय.

एमआयडीसीतल्या कंपनीतले एक साहेब, हर्नियाचं साधं ऑपरेशन, खालच्या ओटीत गेले. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन. सरस्वती सिस्टरांनी सांगितलं की त्यांच्या एका मुलीने चादर उचलून चट्टे बघितले होते. डॉक्टर कुठल्याशा सहलीचं बोलत होते, म्हणून ती गप्प राहिली. आता ती पोरगी जेवत नाही.

मी विचारलं, सहल कुठली? सिस्टरांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय? मग म्हणाल्या, लोणावळा.

२० डिसेंबर, शुक्रवार

काल आणि आज दोन सराव झाले. दोन्ही उत्तम. श्वासाची नळी चुकीच्या जागी गेली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वॉर्डबॉयने “थांबा” म्हटलं, आणि ते थांबले. विठा त्यांच्याच हातांनी वाचली, महेंद्रला कळ दाबावी लागली नाही. समीर सर टाळी देत म्हणाले, “देखा? विठाबाई आज आपल्या पायावर घरी जाणार.”

मी दोन्ही दिवस सरस्वती सिस्टरांना फोन केला. खाली सगळं ठीक.

एक विचार मनात आलाय. लिहून ठेवते म्हणजे तो वेडगळ दिसेल आणि जाईल. जेव्हा माणसं विठाला वाचवतात तेव्हा खाली काही होत नाही. जेव्हा आम्ही तिला वर आणतो, तेव्हा तिचं ते मरण जात नाही. खाली उतरतं.

लिहून झालं. गेलेला नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तेजलची सोनोग्राफी. बाळाची वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे. सिझरच करावं लागेल, आणि रक्त हाताशी असलेल्या ठिकाणीच. पाच नंबरचं नर्सिंग होम बाद. तेजल हसतमुख. पुण्याला सम्यकला फोन करून म्हणाली, तुझं बाळ दारातच गाद्या घालून बसलंय. जावई बिचारा लगेच रजेचं बोलायला लागला.

दुपारी मॅडमना माझा विचार सांगितला. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, हात हातात घेतला. दोन घटना म्हणजे नियम नव्हे, असं म्हणाल्या. तुझी मुलगी अवघडलेली आहे, तू खाली-वर मरणं ऐकते आहेस, मन असंच करतं. तेजलला इथेच आण, भूल मी स्वतः देईन, म्हणाल्या.

मी त्यांना विनवलं, पुढच्या वेळी विठाला मरू द्या. एकदाच. त्यांनी माझा हात सोडला. म्हणाल्या, ते मला जमणार नाही, माया.

२८ डिसेंबर, शनिवार

महेंद्र तयार झाला. मॅडमना न सांगता. “ताई, तुमच्या समाधानासाठी. एकदा यमाला ड्यूटीवर बोलावू.”

आजचा सराव अपेंडिक्सचा. फसला. रेघ सपाट झाली. महेंद्रने हात मांडीवर ठेवले. आत सगळे थिजून काचेकडे बघायला लागले, आता वर येईल, आता येईल म्हणून.

आणि रेघ उचलली. मॅडम दाराशी उभ्या होत्या, हातात टॅब. तिथून त्यांनी तिला वर आणलं. महेंद्रला पुष्कळ बोलल्या, सगळ्यांदेखत.

सगळे गेल्यावर विठा बोलली. माइक बंद होता, मी प्लग हातात धरून उभी होते.

आई गं, कंबर धरली.

तेजल जसा शेवटचा शब्द खेचते तसाच. हा माझा आवाज नव्हता. मी तेजलची नक्कल करते तोही नव्हता.

महेंद्रनेही ऐकलं. तो हसला नाही.

३० डिसेंबर, सोमवार

खाली एक गेलं. सोळा वर्षांची मुलगी. अपेंडिक्स. सगळं शनिवारच्या सरावासारखंच.

राजीनामा दिला. पंधरा तारखेपर्यंत यावं लागेल. तेजलचं नाव ठाण्याच्या हॉस्पिटलात घातलं, वीस तारीख मिळाली. सम्यकने रजा टाकलीय. ठाणे म्हणजे इथून लांब. लांबच हवं.

मी आता विठाला आवाज देत नाही. मॅडमना सांगितलं, घसा बसलाय.

ती बोलतेच.

७ जानेवारी, मंगळवार

तेजल दुपारी झोपेतून दचकून उठली. मी केस विंचरत होते तिचे. म्हणाली, स्वप्न पडलं. थंड टेबल. वर मोठे दिवे. सगळे एकमेकांशी बोलताहेत, पण कुणी कुणाला उत्तर देत नाही. आणि तू काचेमागे होतीस आई. मला दिसत नव्हतीस, पण होतीस. मी हाक मारली, तू कुणाचा तरी हात धरून ठेवला होतास.

तेजलने ती खोली कधीच पाहिलेली नाही. काचेचं मी घरी सांगितलं होतं का? आठवत नाही. सांगितलं असेल.

सांगितलंच असेल.

८ जानेवारी, बुधवार

उद्याचा सराव मॅडमनी ठरवला. खाली असलेली वार. अचानक रक्तस्राव. सिझर.

का, म्हणून विचारलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तुझ्यासाठीच गं. उद्या खरोखर कुणी अशी आली तर माझी माणसं तयार असायला नकोत?

नको म्हटलं. पाया पडले. त्या गडबडून मागे सरकल्या.

उद्या मी जाणार. घरी राहिले तर कळ कोण अडवणार? आणि एक कुणाला सांगितलेलं नाही— विठा मेली तर काय होतं, हे आम्हाला ठाऊकच नाही. ती कधी मेलेलीच नाही.

९ जानेवारी, गुरुवार

काचेमागे. मॅडमचा टॅब माझ्या पर्समध्ये आहे, त्यांना माहीत नाही. सराव सुरू व्हायचा आहे. निरीक्षणाची वही बाजूला सारली, हीच उघडली. हाताला काम हवं.

नावं सांगून झाली. समीर सर आज विनोद करत नाहीत.

उमावहिनींचा फोन. तेजलच्या साडीला रक्त— खूप— रिक्षात घातलंय. ठाणं नको म्हणाला रिक्षावाला, इतकं जमणार नाही— जवळचं— इथेच आणताहेत. इथेच.

धावत खाली गेले. स्ट्रेचरवर होती. हात धरला, गार. मला म्हणाली, आई, वर जा. असं का म्हणाली? मॅडम खालच्या ओटीत शिरल्या, स्वतः भूल देणार. मला दाराशीच अडवलं. सरस्वती सिस्टर म्हणाल्या, तुम्ही आई आहात, आज सिस्टर नाही.

वर आले. सराव चालूच होता. कुणीच थांबवला नाही. माइकवरून ओरडले, थांबा. नियम आहे. कुणीही म्हणू शकतं. कुणाच्या कानावर गेलंच नाही. माइकचा दिवा लागलाय, आवाज जात नाही.

ओटीचं दार आतून कधी लागत नाही— आज बाहेरून उघडत नाही—

बाळ निघालं. रबराचं. एक सिस्टर ते धरून उभी आहे.

रक्त थांबत नाही. समीर सर पोटात बघत बघत म्हणाले— तेच म्हणाले. कुणीतरी. कुणीच परत म्हणून दाखवलं नाही. मी काचेवर हात आपटते आहे. कुणी वळून बघत नाही.

खालून फोन. सरस्वती सिस्टर. मुलगी झाली, रडली. तेजलचं बीपी उतरतंय. किती, म्हणून विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. विठाच्या मॉनिटरवर तोच.

महेंद्रचा हात कळेवर गेला, सवयीने. मी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलंय. उजव्याने लिहितेय. लिहायची थांबले तर त्याला दाब म्हणेन.

वर आणलं तर खाली— हे मला पक्कं माहीत आहे. विठाला जाऊ दिलं तर तेजल वाचेल. वाचेलच. तीनदा बघितलंय. धरून ठेवायचं. एवढंच. धरून ठेवायचं.

विठा बोलतेय. आई.

माझी नक्कल आहे. मीच शिकवला तिला हा सूर. मीच.

आई, मुलगी झाली ना. बघितलीस?

हे मी नव्हतं शिकवलं. मुलगी झाली हे वर फक्त मला— फोन माझ्याच कानाला होता—

आई, गार वाटतंय. मला वर घे.

फोन चालू आहे अजून, खांद्याशी दाबलेला. खालूनही तेच ऐकू येतंय. जरासं मागून. की तिथून आधी आणि इथून—

टेबलाच्या कडेला सरस्वती सिस्टर उभ्या आहेत. काचेपलीकडे. त्या खाली होत्या. मॅडमही आहेत, डोक्याशी. त्यांनी तर खाली— मग मी कुठल्या खोलीत बघतेय? खाली टेबलावर कोण आहे मग?

महेंद्र रडतोय. विचारतोय, ताई, वर आणू? ताई, बोला. आणू का? मनगट खेचतोय. मी धरून आहे.

तिने मान वळवली. काचेकडे. तिला मी दिसत नाही. तिला मी

आई, हात सोड त्याचा. मी खाली नाहीये. मी इथे